काजळीची पिल्लं आणि माझी वही

कल्पना करा, की तुम्ही तेवीस वर्षांचे आहात. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेत. आणि एका सकाळी नऊ वर्षांची एक मुलगी तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहते आणि विचारते, "कुत्रं ओकाय लागलं तर काय करायचं?" तुम्ही काय कराल?

मी वही उघडली.

दवाखाना जनावरांचा होता आणि मी काही डॉक्टर नव्हतो. माझ्या हुद्द्याचं नाव व्रणोपचारक. नाव एवढं मोठं, पण काम म्हणजे जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची आणि साहेब सुई टोचत असताना बैलाचं शेपूट धरायचं. साहेब मंगळवारी येत. उरलेले सहा दिवस सगळं गाव मलाच डागदर म्हणे. पहिले दोन दिवस मी 'नाही हो, नाही हो' म्हणालो. तिसऱ्या दिवसापासून ऐकून घ्यायला लागलो. माझा सगळा भरवसा प्रशिक्षणातल्या वहीवर होता. निळ्या शाईत लिहिलेली, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीनं तांबड्या रेघा मारलेली. वहीत जे होतं ते मला येत होतं. वहीत नव्हतं ते जगात नसावं, अशी माझी साधारण समजूत होती.

मुलीचं नाव मायाक्का. सगळे माक्का म्हणत. गावापासून अडीच मैलांवर माळावर धनगरांची वस्ती होती, तिथली ती. मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, औषधांची पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि निघालो. अडीच मैलांत तिनं मला सगळी हकिकत सांगून टाकली. चढ लागला की मला दम लागे, तिला नाही.

हकिकत अशी. त्यांच्या मेंढरांचा कळप दरवर्षी दिवाळी झाली की खाली, नदीकाठच्या मुलखात चरायला जायचा. घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळं घर सोबत. पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्यामुळे माक्काची शाळा दरवर्षी दिवाळीला सुटायची ती थेट जूनमध्ये भरायची. दोन वर्षं असं झालं होतं. आता ती तिसरीत होती, धडा वाचताना अडखळत नव्हती आणि गुरुजी म्हणाले होते की या वर्षी पोरीला ठेवा. ठेवायला जागाही होती. तिची मावशी वस्तीवरच राहायची, कळपासोबत जायची नाही. बाप म्हणाला, राहू दे. आजा म्हणाला, राहू दे. आई म्हणाली, नाही.

माक्कानं आईच्या मागे टुमणं लावलं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ एकच विषय. शेवटी दिवाळीच्या पाडव्याला आई पुरणाचा हात तसाच धरून वैतागून म्हणाली, "ती काजळी बघ, कुत्र्याची जात, पन पिल्लास्नी पोटाशी घिऊन बसलीया. ती ज्या दिवशी पिल्लांचं दूध तोडंल, त्या दिवशी मी तुला सोडंन."

आई सहज बोलून गेली होती. पण म्हाळूआबा, म्हणजे माक्काचा आजा, तिथंच जेवत होता आणि त्यानं मान डोलावली होती. त्यामुळे तो शब्द झाला.

"आन कळप सोमवारी हालायचाय," माक्का मागून म्हणाली. "आज बेस्तरवार. काजळी दोन दीस झालं ओकतीया. आजारी पडली तर पिल्लं कवा सुटायची?"

मी पायडल मारत मनात वहीची पानं उलटत होतो.

काजळी काळी कुळकुळीत, उंच, पाठीला बाक असलेली कुत्री होती. लांडगा आला तर अंगावर जाणारी, असं माक्का म्हणाली. मला तिनं नुसतं हुंगलं आणि माझी काही पात्रता नाही असं ठरवून तोंड फिरवलं. कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपलीच्या, डालग्याच्या, सावलीत चार पिल्लं एकमेकांच्या कानांना लोंबकळत होती. घटस्थापनेच्या दिवशी जन्मलेली. मी बोटांवर मोजलं, बरोबर पाच आठवडे.

माक्काची आई शेवंता बाहेर आली. उंच, हडकुळी बाई. हातात घोंगडीची सुई, कारण प्रवासाआधी सगळ्या घोंगड्यांची डागडुजी चालू होती. बाप्ये मेंढरं घेऊन लांबच्या पडीक रानात गेले होते, उद्या येणार होते. मी काजळीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. ताप नव्हता. पण आधल्या दिवशी ओकलेल्या जागा माक्कानं मला दाखवल्या. दोन होत्या. वहीत लिहिलं होतं, ओकारी, कारणे सात. सातांपैकी तीन संसर्गजन्य. आणि तांबड्या रेघेवर लिहिलं होतं, पिल्ले तात्काळ वेगळी करावीत.

मी ती तात्काळ वेगळी केली. काजळीला वस्तीच्या पलीकडच्या बाभळीला बांधायला लावलं, पिल्लं डालग्याखाली झाकली, त्यांना चिंधी बुडवून शेळीचं दूध पाजायला सांगितलं आणि एक पांढरी पावडर ताकात कालवून काजळीपुढे ठेवायला दिली. सगळं शिस्तीत झालं. मी हात धुतले.

तेव्हा शेवंतानं सुई बोटात तशीच ठेवून विचारलं, "डागदर, कुत्री पिल्लं कवा तोडत्यात?"

हा प्रश्न वहीत होता. पान एकोणीस. इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी खाकरून म्हणालो, "आठ आठवडे. त्याच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही."

"आठ," शेवंता म्हणाली. मग लेकीकडे न बघता म्हणाली, "ऐकलंस?"

आठ आठवडे म्हणजे सोमवार उलटून वर सतरा दिवस. माक्का माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. शिकाऊ न्हाव्याच्या हातात डोकं दिल्यावर माणूस आरशात बघतं ना, तसं. तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि चिंधी शोधायला गेली.

परत जाताना उतार होता, पण सायकल काही पळेना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी न बोलावता गेलो. लांबूनच पिल्लांचा कालवा ऐकू येत होता. काजळी बाभळीखाली उभी, दोरी ताणून, कान वस्तीकडे. माक्का डालग्याशी मांडी घालून बसली होती, हातात दुधाची चिंधी आणि फ्रॉकवर दुधाचे ओघळ.

मी विचारलं, काजळी ओकली का? नाही, म्हणाली. काल दुपारी खाल्लं, संध्याकाळी खाल्लं, आज न्याहारीला खाल्लं, एकदाही ओकली नाही.

"बघ," मी म्हणालो, "औषध लागू पडलं."

"औषद तिनं घेतलंच न्हाई," माक्का म्हणाली.

तिनं मला बाभळीमागे नेलं. ताकाचा मातीचा परळ उपडा पडला होता आणि पांढऱ्या ताकाचं एक छान वाळलेलं थारोळं दगडावर होतं. त्यावर एक कोंबडा उभा होता. तो मात्र फार तब्येतीत दिसत होता.

आता तुम्ही सांगा. काजळी दोन दिवस ओकत होती. औषध तिनं घेतलं नाही. तरी ती ओकायची थांबली. असं काय बदललं होतं?

मी वही काढली. माक्का म्हणाली, "डागदर, वही ऱ्हाऊ द्या. आपुन तिला सोडून बगू."

मी म्हणालो, वहीत लिहिलंय वेगळं ठेवायचं. ती म्हणाली, "काल बी वहीतच लिवलं हुतं की." तिनं हे उद्धटपणानं म्हटलं नाही. हिशेब चुकलेल्याला दाखवावा तसं म्हटलं. मी दोरी सोडली.

काजळी पळाली नाही. आधी तिनं माक्कानं टाकलेली ज्वारीची भाकरी खाल्ली, सगळी, गपागप. मग पाणी प्याली. मग सरळ डालग्याकडे गेली आणि नाकानं ते उलथून पाडलं. पिल्लं धावली. पण पोटाखाली नाही, तोंडाकडे. चौघंही उड्या मारून तिच्या जिवणीचे कोपरे चाटायला लागली, चाटायला लागली, आणि काजळीनं मान खाली घातली, पोट दोनदा आखडलं आणि सगळी भाकरी त्यांच्यापुढे काढून ठेवली. मऊ, ऊन, वाफ निघणारी.

पिल्लांनी ती खाल्ली. शेपट्या हलवत, एकमेकांना ढकलत, जिलेबीच्या पंगतीला बसल्यासारखी.

तुम्ही तोंडं वाकडी करताय, मला दिसतंय. मीही केलं होतं. माक्कानं केलं नाही. ती ओणवी होऊन अगदी जवळून बघत होती.

"ओकत न्हाई ती," मागून कुणीतरी म्हणालं. "वाढतीया."

म्हाळूआबा होता. मेंढरं घेऊन बाप्ये नुकतेच परतले होते. खांद्यावर काठी आडवी, दोन्ही हात तिच्यावर लटकवलेले, तोंडात तंबाखू. त्यानं सगळा प्रकार ऐकून घेतला. बाभळ, डालगं, चिंधी, पावडर, कोंबडा. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. फक्त म्हणाला, "डागदर, आपसूक हुनारं काम तुमी एक दीस लांबवलं." आणि मग हसला, ते मात्र चांगलं पाच मिनिटं.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून घेतलं. पिल्लाला सुईसारखे दात आले की ते आईला टोचतात. टोचले की ती पाजता पाजता उठते. उठली तरी पोरं उपाशी राहू देत नाही. आपण खाते, पोटात मऊ करते आणि त्यांच्यापुढे ठेवते. बऱ्याच कुत्र्या असं करतात. सगळ्या नाही. "माणसाची आई बी घास चावूनच द्यायची की पूर्वी," आबा म्हणाला. "दात असत्यात व्हय लेकराला?"

तेवढ्यात पिल्लांना दुधाची आठवण झाली. चौघं काजळीच्या पोटाखाली घुसली. ती उभीच राहिली. जरा वेळ पाजलं, मग चालायला लागली. दोन पिल्लं तशीच लोंबकळत फरफटत गेली आणि सुटून पालथी पडली. काजळीनं दगडी गडग्यावर उडी मारली, जिथं त्यांना चढता येत नव्हतं, आणि तिथं हनुवटी पंजांवर टेकून डोळे मिटले. पिल्लांनी खालून आरडाओरडा केला. तिनं एक कान हलवला, बस्स.

माक्का उठली, फ्रॉक झटकला आणि दाराकडे बघत उभी राहिली.

दारात शेवंता होती. किती वेळ होती कोण जाणे. घोंगडी तिच्या हातातून अर्धी जमिनीवर लोळत होती.

"डागदर," ती म्हणाली, "काल आठ म्हनला हुतासा."

आबा खाली बघत तंबाखू मळायला लागला. मुलांनो, खोटं बोलायची वेळ नेहमी अशीच येते, सगळे आपल्याकडे बघत असताना. मला दोन सोप्या वाटा होत्या. 'आठच' म्हणालो असतो तर माझी अब्रू राहिली असती. 'आठ चुकलं, आता पिल्लं सुटली' म्हणालो असतो तर माक्काचं काम झालं असतं. पण पिल्लांचं काय झालं असतं?

"वहिनी," मी म्हणालो, "मी दोन गोष्टी एक करून टाकल्या. दूध सुटणं वेगळं आणि आई सुटणं वेगळं. दूध ती आता तोडायला लागली, ते तुम्ही बघितलंत. पण पिल्लू आईपासून लांब न्यायचं ते आठ आठवड्यांनीच. ते खरं आहे."

"का? पोट तर भाकरीनं बी भरतंय."

"पोट भरतं. पण या मधल्या तीन आठवड्यांत आई त्यांना शिकवते. किती जोरात चावायचं, कुठं थांबायचं, कुणाला भ्यायचं आणि कुणाला नाही. ती गुरगुरते, तेव्हा शाळाच भरलेली असते. आधीच तोडलेलं पिल्लू पुढं जन्मभर एकतर भित्रं होतं नाहीतर चावरं."

शेवंतानं घोंगडी गोळा केली. घडी घातली. परत उलगडली.

"आन मानसाचं किती?" तिनं विचारलं.

"ते माझ्या वहीत नाही," मी म्हणालो.

गडग्याखाली पिल्लं अजून रडत होती. माक्कानं त्यांच्याकडेसुद्धा पाहिलं नाही. शेवंतानं लेकीला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं, बाजारात मेंढी घेताना बघतात तसं, काही राहून तर गेलं नाही ना म्हणून.

"नऊ वरसं शिकवलंय हिला," ती शेवटी म्हणाली. "कुठं चावायचं आन कुठं थांबायचं, ते येतंय तिला. डागदरालाच शब्दानं चावली की मगाशी." मग आत वळता वळता म्हणाली, "मावशीला सांग, पोर हातरूण आपलं आपुन घिऊन येतीया म्हनावं."

माक्का मावशीच्या घराकडे अशी पळाली, की वाटेतला तो कोंबडा प्रथमच औषधाचा गुण विसरून उडाला.

पिल्लं कशी जायची, हे आबानं चुटकीसरशी सोडवलं. घोड्यावर कोकरांसाठी झोळी असतेच. त्यात चौघं मावतील. दोन पिल्लं खालच्या मुलखातल्या सोयऱ्यांना कबूल होती, एक कळपाला ठेवायचं आणि चौथं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, माक्काचं. आठ आठवडे भरले की पाठवून देऊ, म्हणाला. कोण आणणार ते बोलला नाही.

सोमवारी सकाळी कळप हलला. मी दवाखान्याच्या पायरीवरून पाहिला, कारण वाट गावातूनच जायची. पुढं मेंढरं, मग घोडा, झोळीतून चार नाकं बाहेर, घोड्याच्या पोटाशी काजळी. सगळ्यात मागे शेवंता. माक्का वेशीपर्यंत तिच्यासोबत चालत आली होती. आईनं तिथं थांबून तिची वेणी सोडली आणि पुन्हा घातली, इतकी घट्ट, की पोरीच्या भुवया वर गेल्या. मग दोघीही आपापल्या दिशेला चालू लागल्या.

माक्का शाळेतून येताना रोज दवाखान्यात डोकवायची. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर ती रोज एका तारखेवर माझ्या तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारायची. घरी जाऊन रडत होती का, ते मला माहीत नाही. मावशीनं एकदा सांगितलं की पहिले चार दिवस पोरगी नीट जेवली नाही, पाचव्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी वहीत त्याचीही नोंद केली, कशाखाली करावी ते कळेना म्हणून शेवटच्या पानावर.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, मी दवाखाना जरा लवकर बंद केला आणि माक्कासोबत एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. पिल्लू कुणी ड्रायव्हरच्या हाती पाठवतील, अशी माझी अटकळ होती. दुपारची गाडी आली. आधी दोन पोती उतरली, मग एक म्हातारा, आणि मग शेवंता. पदराच्या ओच्यात पिल्लू, काखेत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. दोन गाड्या बदलून आली होती. हीच गाडी पुढच्या गावाला जाऊन अर्ध्या तासात परत फिरायची, तीच तिला गाठायची होती.

अर्धा तास दोघी लिंबाच्या पारावर बसल्या. मी लांब उभा राहिलो, तरी ऐकू येत होतं. काजळी बरी आहे. दूध पुरतं आटलं. काल एका लांडग्याला ओढ्यापर्यंत पिटाळून आली. पिल्लासोबत तिच्या अंगाखालच्या घोंगडीचा तुकडा आणलाय, रात्री त्याच्याजवळ ठेव, वासानं निजेल. गाडी परत येताना दिसली, तेव्हा शेवंतानं गाडीच्या कपाळावरच्या पाटीकडे बोट केलं.

"काय लिवलंय त्येच्यावर?"

माक्कानं वाचलं. अडखळली नाही. जोडाक्षरसुद्धा.

शेवंतानं मान डोलावली, जणू ती पाटी तिलाही वाचता येत होती आणि पोरीनं बरोबर वाचली की नाही एवढंच बघायचं होतं. गाठोडं माक्काच्या मांडीवर ठेवलं, वेणीला एक हिसका देऊन पाहिला आणि गाडीत चढली.

धूळ खाली बसेपर्यंत पिल्लू गप्प होतं. मग त्यानं तोंड वर करून जो सूर लावला, तो थेट पुढच्या गावापर्यंत गेला असेल. मी पुढं झालो. पिशवीत दुधाची बाटली होती, चिंधी होती, वहीसुद्धा होती.

माक्कानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं पिल्लाला घोंगडीच्या तुकड्यासकट मांडीवर घेतलं आणि गाठोड्याची गाठ दातांनी सोडली. आत आईच्या हातच्या भाकऱ्या होत्या. तिनं एक घास मोडला, तोंडात टाकला आणि चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. पिल्लानं रडणं थांबवलं, तिच्या छातीवर पंजे रोवून वर सरकलं आणि तिच्या ओठांचा कोपरा चाटू लागलं. तेव्हा माक्कानं मान खाली घातली, तो मऊ घास तळहातावर काढला आणि त्याच्यापुढे धरला.